क्लिंगॉनमध्ये ‘पुन्हा पुन्हा’ कसं म्हणायचं? आधी ठरवा, नक्की कुठलं ‘पुन्हा’

क्लिंगॉन शिकायला लागलं की एक प्रश्न लवकरच पडतो, की एखादी गोष्ट परत परत होते हे या भाषेत सांगायचं कसं. मग आपण डिक्शनरी उघडतो, त्यात ‘परत करणे’च्या जवळ जाणारा एक प्रत्यय सापडतो, आणि तो आपण दिसेल त्या क्रियापदाला चिकटवत सुटतो. वाक्य व्याकरणात बसतं पण म्हणायचं असतं एक आणि समोरच्याला कळतं भलतंच. कारण क्लिंगॉनमध्ये ‘पुन्हा पुन्हा’साठी एकच असं काही नाहीये. तिथे तुम्हाला आधी ठरवावं लागतं की तुमचं पुन्हा पुन्हा नक्की कुठल्या जातीचं आहे. मला ही या भाषेतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून जरा निवांत लिहिते.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, क्लिंगॉन ही स्टार ट्रेकमधल्या योद्ध्यांच्या जमातीची भाषा. १९७९च्या पहिल्या सिनेमात नुसते मोजके शब्द होते, ते जेम्स डूहान या नटाने बनवलेले. १९८४च्या तिसऱ्या सिनेमासाठी मात्र मार्क ओक्रँड नावाच्या भाषाशास्त्रज्ञाला बोलावलं आणि त्याने खरंखुरं व्याकरण उभं केलं. १९८५ला त्याची क्लिंगॉन डिक्शनरी आली आणि १९९२ला पुरवणी जोडून परत निघाली. या माणसाची पीएचडी मुत्सुन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या आदिवासी भाषेवर आहे, जी नीट बोलू शकणारी शेवटची बाई १९३०मध्येच वारली होती, म्हणजे जुन्या नोंदींवरून अख्ख्या भाषेचं व्याकरण मांडायचं काम त्याने आधी केलेलं होतं. त्यामुळे क्लिंगॉन सिनेमासाठी बनली असली तरी आतून एकदम कसदार आहे.

अजून एक, पुढे सगळी क्लिंगॉन मी देवनागरीतच लिहिणार आहे आणि आपल्याला ते बरंच सोयीचंही आहे. क्लिंगॉनचा ड खरोखर आपल्यासारखा टाळूला जीभ लावून म्हणायचा ड आहे आणि ष सुद्धा त्याच जागेवरचा, म्हणजे जो ष आपण लिहितो पण बोलताना बहुतेक वेळा श करून टाकतो तो. व्ह म्हणजे व्हिडिओतला आणि व म्हणजे ओठ गोल करून म्हणायचा. नुक्तावाली अक्षरं घशातली आहेत, ख़ खरखरीत, ग़ घोगरा, क़ पार घशात मागे जाऊन म्हणायचा, आणि क़्ख़ त्याहून जोरात घासून. ’ अशी खूण आली की तिथे आवाज क्षणभर घशात अडवायचा. एवढं पुरे.

आता मराठीतली ही वाक्यं बघा. मी हे पुस्तक तीनदा वाचलंय. मी ते पुस्तक परत वाचायला घेतलं. मी पुस्तक वाचत बसले. मी बऱ्याचदा वाचते. मी रोज वाचते. मी लहानपणी रोज वाचायचे. सगळ्यांमध्ये वाचणं एकापेक्षा जास्त वेळा किंवा लांबत जाऊन होतंय, पण एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. एकात मोजणी आहे, एकात थांबून परत सुरू करणं आहे, एकात न थांबणं आहे, आणि शेवटच्या दोनात तर सवय आहे. मराठीत आपण हे सगळं न विचार करता करतो कारण लहानपणापासून कानात आहे. क्लिंगॉनमध्ये प्रत्येकाची जागा वेगळी आहे, आणि जागा म्हणजे अक्षरशः जागा.

कारण क्लिंगॉन क्रियापदाला मागे नऊ प्रकारचे प्रत्यय लागतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे, पहिल्या प्रकारातला आधी, मग दुसऱ्यातला, असं करत नववा सगळ्यात शेवटी, आणि एका प्रकारातला एकच प्रत्यय घेता येतो. याशिवाय थोडे फिरते प्रत्यय आहेत जे हव्या त्या जागी घुसतात, त्यांच्याकडे नंतर येऊ. क्रियापदाच्या पुढे एक उपसर्ग लागतो जो कोण करतंय आणि कोणावर करतंय हे दोन्ही एकदम सांगतो. ‘लाड’ म्हणजे वाचणे, ‘व्हि’ म्हणजे मी त्याला, म्हणून ‘पाक़ व्हिलाड’ म्हणजे मी पुस्तक वाचते. पाक़ म्हणजे पुस्तक. कर्म आधी, क्रियापद मग, आणि कर्ता वेगळा सांगायचाच असेल तर सगळ्यात शेवटी. हेच पुस्तकाचं वाक्य मी पुढे धरून चालते.

सगळ्यात सोपं आहे ते मोजणीचं, आणि इथे मराठी माणसाला अगदी घरी आल्यासारखं वाटेल. आकड्याला ‘लोग़’ लावायचं, झालं. वा’ म्हणजे एक, वा’लोग़ एकदा. चा’ म्हणजे दोन, चा’लोग़ दोनदा. वेज म्हणजे तीन, वेजलोग़ तीनदा. हा आपला ‘दा’च आहे, थेट. इंग्लिशवाल्यांना एकदा-दोनदासाठी वेगळे शब्द आणि पुढे सगळं ‘टाइम्स’ लावून करावं लागतं, आपल्याला नाही, आपण बावन्नदा सुद्धा म्हणतो. आणि जसं आपण कितीदा म्हणतो तसं तिथे ’आरलोग़ आहे. म्हणून ‘वेजलोग़ पाक़ व्हिलाडपु’’ म्हणजे मी पुस्तक तीनदा वाचलंय. शेवटचा पु’ हा काम पुरं झालं हे सांगणारा सातव्या प्रकारातला प्रत्यय. वेजलोग़ वाक्याच्या सुरुवातीला आलं हे लक्षात ठेवा, मोजणीचे हे शब्द क्रियाविशेषण आहेत आणि ते कर्माच्या आधी येतात.

याच ’आरलोग़वरून एक भन्नाट गोष्ट. क्लिंगॉनमध्ये टाइम विचारायचा असेल तर म्हणतात ‘’आरलोग़ क़्ख़ोयलु’पु’’. क़्ख़ोय म्हणजे ऐकणे, लु’ म्हणजे ऐकणारा कोण ते सांगायचं नाहीये, पु’ म्हणजे झालंय. शब्दशः, कितीदा ऐकू आलंय? इंग्लिशमधून शिकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, त्याला समजावून सांगावं लागतं. आपण काय म्हणतो, किती वाजले! टोले कितीदा पडले हेच आपणही विचारतो, आणि उत्तरही तसंच, तीन वाजले, वेजलोग़ क़्ख़ोयलु’पु’. फरक एवढाच की आपण वाजणाऱ्याकडून बोलतो, ते ऐकणाऱ्याकडून.

आता येतो तो प्रत्यय ज्याच्यामुळे सगळा घोटाळा होतो, ‘क़ा’’. हा तिसऱ्या प्रकारातला. ओक्रँडने डिक्शनरीत याचा अर्थ अगदी नेमका दिलाय, की क्रिया चालू होती, मग थांबली, आणि आता परत सुरू झाली. म्हणजे मधला खंड महत्त्वाचा. ‘पाक़ व्हिलाडक़ा’’ म्हणजे पुस्तक बाजूला ठेवलं होतं ते मी परत वाचायला घेतलं. हे ‘मी पुन्हा पुन्हा वाचते’ नाही! यात एकच परतणं आहे. कोणी रोज रात्री वाचतं म्हणून त्याला क़ा’ लावायचं नसतं, कारण रोज वाचणं हे सोडलेलं काम परत हातात घेणं नसून एक चालत आलेली सवय असते.

बोलणारे लोक क़ा’ जरा सैल अर्थानेही वापरतात, नुसतं ‘परत एकदा’ असं. निड म्हणजे प्रयत्न करणे, त्याला आज्ञेचा यि लावून ‘यिनिडक़ा’’, म्हणजे परत ट्राय कर. जात्ल्ह म्हणजे बोलणे, ‘यिजात्ल्हक़ा’’, परत बोल. हे मला पूर्ण पटतं कारण इथेही काहीतरी झालं, संपलं, आणि ते परत व्हायला हवंय, खंड आहेच. पण याच्यापुढे ताणू नये. हे एवढ्यासाठी सांगते की क़ा’ ज्या प्रकारात आहे त्यातच ‘चोख़’ हा प्रत्ययही आहे, म्हणजे बदल होणे, करायला लागणे. एका प्रकारातला एकच घेता येतो म्हटलं ना, म्हणून ‘वाचायला लागले’ आणि ‘परत वाचायला लागले’ यातलं एक निवडायचं, दोन्ही प्रत्यय एकावर एक नाही रचायचे. आणि तसंही रचायची गरज नाही कारण परत सुरू होण्यात सुरू होणं आलंच. म्हणजे भाषेनेच सांगून टाकलंय की क़ा’ हा सुरुवातीच्या घरातला आहे, संख्येच्या घरातला नाही. मला वाटतं हा एक मुद्दा कळला तरी निम्म्या चुका जातील.

क़ा’ची आणखी एक गंमत म्हणजे क्रम ठरलेला असल्यामुळे कधीकधी दोन अर्थ एकाच रूपात येतात. निष म्हणजे गरज असणे, तो दुसऱ्या प्रकारातला, म्हणून तो क़ा’च्या आधीच येणार, ‘व्हिलाडनिषक़ा’’. आता हे ‘मला परत वाचायची गरज आहे’ का ‘मला वाचायची गरज परत निर्माण झालीये’? रूपावरून कळणार नाही, संदर्भावरूनच लावायचं. प्रत्यय मागेपुढे करून अर्थ बदलायची सोय इथे नाही.

मग न थांबणं. याला सातव्या प्रकारातले दोन प्रत्यय आहेत, ताख़ आणि लि’. ताख़ म्हणजे क्रिया चालू आहे. ‘पाक़ व्हिलाडताख़’, मी पुस्तक वाचतेय, किंवा वाचत राहते. लि’ म्हणजे चालू आहे पण तिला ठरलेला शेवट आहे आणि आपण तिकडे सरकतोय. ‘पाक़ व्हिलाडलि’’ म्हटलं की पुस्तक आता संपवणारच आहे असा वास येतो. मराठीत आपण ‘वाचतेय’ एवढंच म्हणून दोन्ही भागवतो, फार तर ‘वाचत आणलंय’ म्हणतो तेव्हा लि’च्या जवळ जातो. आणि हो, ताख़ हे नुसतं प्रत्यय नाही तर स्वतंत्र क्रियापदही आहे, टिकून राहणे या अर्थाचं. १९९१च्या सहाव्या सिनेमात शेक्सपियरचं जगावं की मरावं आहे ना, ते क्लिंगॉनमध्ये ‘ताख़ पाग़ ताख़बे’’ असं आहे, टिकावं की न टिकावं.

आता ताख़ने परत परत होणं सांगता येतं का? इथे क्रियापद कुठलं आहे हे बघावं लागतं. वाचणं लांब चालू शकतं, त्यामुळे ताख़ लावलं की एकच वाचणं ताणलं जातं. पण मारणं, गोळी झाडणं या एका क्षणात संपणाऱ्या क्रिया. क़िप म्हणजे मारणे, फटका देणे. ‘क़िपताख़’ म्हटल्यावर एकच फटका लांबत गेला असं कोणी समजणार नाही, तो मारत सुटला, मारत राहिला असंच समजेल. बाच म्हणजे झाडणे, ‘बाचताख़’, गोळीबार चालू आहे. म्हणजे ताख़ने मोजणी येत नाही, पण क्षणिक क्रियेला तो लागला की पुनरावृत्ती आपोआप आत येते. तेव्हा कोणी विचारलं की ‘तो दार ठोठावत होता’ला काय लावू, तर ताख़, क़ा’ नाही. क़ा’ तेव्हा, जेव्हा तो ठोठावून दमला, पायरीवर बसला, आणि मग उठून परत ठोठवायला लागला. आणि दोन्ही एकत्र चालतात बरं का, प्रकार वेगळे असल्यामुळे, ‘क़िपक़ा’ताख़’, परत सुरू केलं आणि चालूच आहे.

किती वेळा ते आकड्यात न सांगता सांगायचं असेल तर साधी क्रियाविशेषणं आहेत, ती पटकन बघू. रेख़ म्हणजे नेहमी, पिज म्हणजे बऱ्याचदा, पिजख़ा’ म्हणजे क्वचित, रुत म्हणजे कधीकधी, नोत म्हणजे कधीच नाही, आणि रोड म्हणजे सहसा, रीतीप्रमाणे. हे वाक्याच्या सुरुवातीला ठेवायचे, ‘पिज पाक़ व्हिलाड’, मी बऱ्याचदा पुस्तक वाचते. एक गोष्ट सांभाळा, नोतमध्ये नकार आधीच आहे, त्यामुळे मराठीच्या सवयीने क्रियापदालाही नकाराचा बे’ लावू नका. आपण ‘कधीच वाचत नाही’ म्हणतो, ते नुसतं ‘नोत व्हिलाड’ म्हणतात.

रेख़ आणि ताख़ यांची गल्लत पण फार होते. नेहमी म्हणजे प्रत्येक प्रसंगी, सतत म्हणजे मध्ये खंड न पडता. ‘रेख़ व्हिलाड’मध्ये मी जेवते झोपते आणि वेळ आली की वाचतेच, ‘व्हिलाडताख़’मध्ये आत्ता पुस्तक हातात आहे.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग, सवय. रोज वाचते याला कुठला प्रत्यय? कुठलाच नाही. ‘ख़ोच जाज पाक़ व्हिलाड’, ख़ोच म्हणजे प्रत्येक, जाज म्हणजे दिवस, आणि क्रियापद उघडं. क्लिंगॉनमध्ये काळ नाही, भूत-वर्तमान-भविष्य क्रियापदावर दिसत नाही. दिसतं ते फक्त क्रिया पुरी झालीये का, चालू आहे का, म्हणजे सातवा प्रकार. आणि डिक्शनरीत स्पष्ट लिहिलंय की सातव्या प्रकारातलं काही लावलं नाही याचा अर्थ सहसा असा की क्रिया पुरी झालेली नाही आणि चालूही नाही. बरेच जण हे वाचून पुढे जातात, जणू काही न लावणं म्हणजे काही न सांगणं. पण विचार करा, जी क्रिया एकदाची होऊन संपलेली नाही आणि या क्षणी चालूही नाही ती कुठली? तीच ना, जी होत असते. मी वाचते, सूर्य उगवतो, तो खोटं बोलतो. म्हणजे ती रिकामी जागाच बोलते. पुनरावृत्तीचा सगळ्यात मोठा प्रकार, माणसाच्या सवयी आणि जगाची रीत, हा या भाषेत कोऱ्या क्रियापदाने सांगितला जातो आणि मला ते विलक्षण वाटतं.

यातून मागच्या काळातली सवयही सहज होते. ‘वा’माख़ बेन ख़ोच जाज पाक़ व्हिलाड’, वा’माख़ बेन म्हणजे दहा वर्षांपूर्वी, म्हणजे दहा वर्षांपूर्वी मी रोज पुस्तक वाचायचे. आपल्याला वाचायचे, वाचत असे अशी खास रूपं लागतात, तिथे काळ सुरुवातीच्या शब्दांनी सांगितला आणि क्रियापद तसंच कोरं. इथे पु’ लावला तर मात्र अर्थ फिरतो, मग तेव्हा प्रत्येक दिवशी एक वाचन पुरं करून झालेलं होतं असं काहीतरी होतं, नुसती सवय राहत नाही. भूतकाळ दिसला की पु’ लावायचा ही खोड इंग्लिश किंवा मराठी डोक्यात असली की लागते आणि ती मोडायला वेळ लागतो. मोजणीसुद्धा सवयीत बसते, षोप म्हणजे खाणे, जि म्हणजे कर्म नसतानाचा मी, ‘ख़ोच जाज वेजलोग़ जिषोप’, मी रोज तीनदा जेवते, बघा, तीनदा आहे तरी पु’ नाही, कारण ही दिवसाची रीत आहे, उरकलेली तीन जेवणं नव्हेत.

जेव्हा-जेव्हा कसं म्हणायचं? नवव्या प्रकारातला डि’ लावून. त्याचा अर्थ जेव्हा, होताच. ‘जाग़ व्हिलेग़डि’ जिषुव्ह’, शत्रू दिसला की मी लढते. आपल्या ‘दिसला की’ सारखंच यात एकदाचं पण बसतं आणि दर वेळचं पण. दर वेळचं पक्कं करायचं तर रेख़ टाका. सूडाची जी म्हण सगळ्यांना माहीत असते, की ती डिश गारच वाढावी, तिचं क्लिंगॉन रूप असंच आहे, ‘बोरताष बिर जाबलु’डि’ रेख़ क़्ख़ाक़्ख़क़ु’ नाय’’, गार सूड वाढला जातो तेव्हा पदार्थ नेहमीच फार चांगला लागतो. डि’ने प्रसंग दिला, रेख़ने तो प्रत्येक प्रसंग केला, आणि क्रियापदं कोरी.

कधीकधी तर पुनरावृत्ती क्रियापदाच्या आसपास पण नसते, ती कर्मात असते. प्रसिद्ध म्हण आहे, ‘क़ाषताख़व्हिष वा’ राम लोष षाड ख़ुग़ षिजलाख़ क़ेतबोग़ लोड’, धावणारा माणूस एका रात्रीत चार हजार गळे कापू शकतो. आता चार हजार वेळा कापणं याच्याइतकी पुनरावृत्ती अजून कुठली असणार, पण षिज म्हणजे कापणे या क्रियापदावर बघा काय आहे, फक्त लाख़, म्हणजे शकणे. लोग़ नाही, क़ा’ नाही, ताख़ नाही. लोष षाड ख़ुग़, चार हजार गळे, एवढं म्हटलं की काम झालं. सुरुवातीला ताख़ आहे पण तो कापण्याला नाही, तो ‘एक रात्र चालू असताना’ या तुकड्यात आहे, आणि तिथे तो लागतोच कारण व्हिष म्हणजे ‘असताना’ हा प्रत्यय ताख़शिवाय येतच नाही. भाषांतर करताना आधी कर्माकडे बघा असं मी म्हणेन, तिथे संख्या असेल तर बाकी काही लावायची गरज नसते.

राहिला नकार. बे’ हा फिरता प्रत्यय, म्हणजे ‘नाही’, आणि तो त्याच्या लगेच आधी जे आहे त्याला नाकारतो. म्हणून क़ा’सोबत त्याची जागा फार महत्त्वाची. ‘पाक़ व्हिलाडक़ा’बे’’, इथे बे’ क़ा’च्या मागे आहे, म्हणजे परत सुरू होणं नाकारलं, एकदा ठेवलेलं पुस्तक मी परत हातात घेत नाही. ‘पाक़ व्हिलाडबे’क़ा’’, इथे बे’ वाचण्याला चिकटलाय आणि क़ा’ त्यानंतर, म्हणजे न वाचणं परत सुरू झालं. मध्ये थोडे दिवस वाचायला लागले होते आणि आता परत बंद. दोन प्रत्ययांची अदलाबदल केली आणि एका वाक्यात पुस्तक सुटलं, दुसऱ्यात जुनी सवय परत आली. मगाशी निष आणि क़ा’ यांना आपण हलवू शकलो नाही, इथे मात्र हलवता येतं कारण बे’ फिरता आहे, ठरलेल्या नऊ घरांत तो बसत नाही. शिकताना ही जोडी मोठ्याने म्हणून बघा, व्हिलाडक़ा’बे’, व्हिलाडबे’क़ा’, दोन्हीत आवाज दोनदा अडवायचाय आणि मधला अडवलेला आवाज खाल्ला तर समोरच्याला कुठलं म्हणालात ते कळणार नाही.